वाटीवरचा हात

पुतणीच्या केळवणाला मी बासुंदी वाढत होते. तिने वाटीवर हात ठेवला. "काकू, नको." मी हसले, "लाजतेस काय गं!" आणि तिच्या बोटांवरच पळी कलती केली. आपल्याकडे पहिलं 'नको' ऐकायचंच नसतं. याला आपण आग्रह म्हणतो.

शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा शांतपणे म्हणाला, "काकू, ती नको म्हणालीय."

माझा हात थबकला. लग्नानंतर बंद खोलीत मीही कितीदा म्हटलं होतं, "आज नको." तेही लाजणंच समजलं गेलं. ह्यांना कधी वाईट म्हणवत नाही. पण पुढे मी म्हणायचंच सोडून दिलं.

मी पळी मागे घेतली. तेव्हा कुठे पोरीने वाटीवरचा हात काढला.