वाळवंटातला खराटा

पेसाख या यहुदी सणाच्या साफसफाईत बाल्कनीतून आईचा खराटा निघाला. एका बाजूचे हीर अजून काळे आहेत.

मी दहा वर्षांची होते. बाबांच्या लोदच्या कारखान्याची सहल नेगेवच्या वाळवंटात गेली होती. ऊन उतरल्यावर सगळे शेकोट्या रचायला लागले, तशी आईने पिशवीतून मुंबईहून आणलेला हा खराटा काढला आणि ती जमीन झाडायला लागली. वाळलेलं गवत, काटक्या सगळं लांब लोटलं. मग दगडांचं रिंगण मांडलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली.

"इमा, वाळवंट कोण झाडतं?" मी आईजवळ जाऊन हिब्रूत पुटपुटले.

"गावाला शेत भाजताना आधी कडेने झाडून घेतात गो," आई मराठीत म्हणाली. "आग काय आपल्याला विचारून पुढे जाते?"

लोक हसत होते. मी गुपचूप फोरमनच्या बायकोजवळ जाऊन बसले, जणू आई माझी कुणी नव्हेच.

तेवढ्यात वारा सुटला. फोरमनची शेकोटी गवतात शिरली आणि सरसर तंबूंकडे निघाली. आई बादली घेऊन धावली. उरलेल्या ज्वाळा तिने खराट्याने बडवून विझवल्या आणि सगळ्यांना मराठीतच झापलं. एक शब्द कुणाला कळला नाही, पण पाच मिनिटांत सगळे पुरुष वाकून आपापल्या शेकोटीभोवतीचं गवत उपटत होते.

"ही बाई कोण गं?" फोरमनच्या बायकोने हिब्रूत विचारलं.

"माझी आई!" मी ओरडले, चक्क मराठीत.

तिला काही कळलं नाही. आईने मात्र हातातल्या धुरकट खराट्यासकट वळून पाहिलं.