मास्तरांची मेंढी

कुणी काही देऊ केलं की मास्तर उजवा तळहात छातीपुढे उभा धरायचे आणि म्हणायचे, "नको. माझा मेंढपाळ आहे." लोणच्याची फोड असो, पावसात छत्री असो, की नीरेच्या घाटावर पायरी चढताना कुणी पुढे केलेला हात असो. तळहात तोच आणि वाक्यही तेच.

भोरला आमच्या आळीत ते एकटेच ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकवायला आले, मग बायको गेली, शाळाही बंद पडली, तरी ते राहिले. माझं शिवणाचं दुकान बरोबर त्यांच्या दारासमोर. आता तुम्हीच सांगा, शिंप्यासमोर राहणाऱ्या माणसाने आपला कोट आपणच टाचावा का? तोही असा, की गोणपाट शिवणाऱ्यालासुद्धा लाज वाटावी. मी म्हणायचो, "मास्तर, द्या इकडं, दोन टाक्यांचं तर काम." की झाला तळहात उभा. मला तर रोज सकाळी तो कोट बघूनच डोकेदुखी व्हायची.

आईला त्यांचा फार राग येई. "मेंढपाळ हाय म्हनत्यात, तर त्यानं एक घोंगडं तरी आनून द्यावं की! थंडीत नुसतं कुडकुडत्यात." पण आमची आईही काही साधी नव्हती. मास्तरांसाठी तिने कान तुटलेला एक कप उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवला होता. ते नवीन आले तेव्हा एकदाच त्या कपातून चहा प्याले. पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळला, पालथा घातला आणि पुन्हा कधी आमच्या दारात काही घेतलं नाही. त्या तळहातामागे नुसती श्रद्धा नव्हती, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

दिवेलागणीला ते दाराला आतून कडी घालायचे आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे बायबलातलं स्तोत्र मोठ्याने म्हणायचे. चाल कुठल्या कुठे जायची, पण आवाज खणखणीत.

एका वर्षी दिवाळीनंतर धनगरांचा कळप आळीमागच्या शेतात खतासाठी बसला होता. मास्तर तिकडे गेले ते एक तरणी मेंढी घेऊनच परतले. मी कात्री खाली ठेवून बघत राहिलो.

"अण्णा, जन्मभर हे स्तोत्र म्हणतोय," ते म्हणाले. "पण सांभाळणाऱ्याच्या मनात काय असतं, ते एकदा बघायचंय."

आणि काय सांभाळलं हो! नदीकाठचं कोवळं गवत स्वतः कापून आणलं. स्वतःच्या अंथरुणातलं पोतं तिला घातलं. तिच्यापुढे उकिडवे बसून तिला ओव्या गाव्यात तसं स्तोत्र ऐकवलं. मेंढी गवताला तोंड लावीना. मागच्या भिंतीकडे तोंड करून ती नुसती ओरडत होती, पुढे पुढे तर ओरडायचंही तिने सोडलं. आळीतल्या प्रत्येकाने उपाय सुचवला. कुणी ओवा चारून बघा म्हणालं, आईने तर लांबूनच मीठमोहऱ्यांनी मेंढीची दृष्ट काढली. मास्तरांचा तळहात उभाच.

तेवढ्यात त्या कळपातली धनगरीण पोराची शिवायला टाकलेली कुंची न्यायला माझ्याकडे आली. समोरच्या ओसरीवर मेंढी मान टाकून बसलेली बघितली आणि ती तिथूनच ओरडली, "अवो मास्तर, एकलंच ठिवलंय व्हय तिला? मरंल की!"

"एकटी कुठे आहे? मी आहे ना," मास्तर म्हणाले. "हवं-नको सगळं बघतो."

"तुमी हायसा, पर कळप कुठं हाय? धनी कितीबी चांगला असू द्या, मेंढरू कळपात ऱ्हातंय तवाच जगतंय. आमी तर कळप राखतो. एकल्याला राखायचं कसं, त्ये आमालाबी न्हाई येत!"

 मास्तरांनी मेंढीला उचलून घेतलं. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर शेतात गेलो. खाली ठेवल्याबरोबर ती मेंढी धडपडत कळपात शिरली, आणि थोड्या वेळाने बघतो तर सगळ्यांबरोबर खाली मान घालून चरत होती. म्हणजे चरत असणार. आम्हा दोघांना ती ओळखूच येईना. धनगरणीने मास्तरांपुढे चटणी-भाकरी धरली. त्यांचा हात उठला आणि छातीपाशी थांबला. "नको," ते म्हणाले, पण पुढचं वाक्य त्या दिवशी आलं नाही.

त्याच थंडीत त्यांना ताप भरला. दुपार झाली तरी दार उघडेना. मी हाका मारल्या, कडी वाजवली. आतून क्षीण आवाज आला, "जा अण्णा. माझा मेंढपाळ आहे."

मी घाबरलो. कडी आतून, माणूस आजारी, आणि दार फोडायचं तर तेही त्यांच्या मनाविरुद्ध. तेवढ्यात मागून आई आली. हातात आमचं रोजचं पातेलं, त्यात तांदळाची गरम पेज. तिने दारावर थाप मारली.

"मास्तर, कडी काढा."

"नको, माई."

"तुमच्या मेंढपाळानंच धाडलंय म्हना आनि गिळा! त्यो काय सोता पातेलं घिऊन येनार हाय?"

आत काहीच हालचाल नव्हती. आईचा आवाज एकदम उतरला. "कपाचं माझं चुकलं. काढा की कडी."

खूप वेळाने कडी निघाली. मास्तर चौकटीला धरून उभे होते. आमच्या त्या पातेल्याकडे बघत त्यांनी उजवा हात उचलला. मला वाटलं, आता पुन्हा तेच. पण त्यांनी तळहात हळूच उताणा केला आणि पुढे पसरला. आईने त्यांना ओसरीवर बसवून आपल्या हाताने पेज पाजली. ते हसत होते आणि रडतही होते, आणि मला खरं सांगतो, दुकानात जाऊन डोळे पुसावे लागले.

बरे झाल्यावर एक दिवस त्यांनी तो कोट माझ्या मशीनवर ठेवला. "उसवा सगळा आणि नीट शिवा," म्हणाले. "अण्णा, मी समजत होतो, तो सांभाळतो म्हणजे मला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. किती गर्व होता हो मला! आणि तो बिचारा माझ्या बंद दाराबाहेर पेज घेऊन उभा."

त्यानंतर स्तोत्र उघड्या दाराने होऊ लागलं. आई आमच्या उंबऱ्यावरून चाल सुधारायची आणि मास्तर तिचं ऐकायचे.

पुढच्याच पावसाळ्यात ते गेले, झोपेत, दार नुसतं लोटलेलं. पुण्याहून त्यांच्या मंडळींपैकी दोघंतिघंच येऊ शकली. खांदा आळीने दिला. कोट मी शिवलेलाच होता अंगावर.

दिवाळीनंतर कळप पुन्हा मागच्या शेतात बसला. धनगरणीने विचारलं, "मास्तर कुठं हायती?" मी सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग कळपाकडे हात केला. "त्येंची मेंढी ती काय, मधी. औंदा कोकरू झालंय तिला."

मी कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिलो. मला काही ती ओळखू आली नाही.