वायरमनबाईंचा पाऊण तास

वस्तीत कुणाच्याही घरचे दिवे गेले, की पहिली हाक हिला. "वायरमनबाई, आमचा फ्यूज उडाला वाटतं." आता हिने जन्मात कधी फ्यूजला हात लावलेला नव्हता. बल्ब बदलायचा तरी ही आधी मेन स्विच बंद करणार, मग रबरी चपला घालणार, आणि मग शेजारणीला बोलावणार. नवरा वीज कंपनीत वायरमन, म्हणून ही वायरमनबाई. तो टॉवरवरून पडला आणि कंबरेखालचं अंग त्याचं ऐकेनासं झालं, तरी नाव दोघांनाही चिकटून राहिलं ते राहिलंच.

ती घरीच शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, बिघडलेल्या चेन, उसवलेल्या शिवणी. मशीन एका भिंतीला, त्याची कॉट दुसऱ्या भिंतीला, आणि मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. सुई ओवताना तिची पाठ त्याच्याकडे असायची, आणि तरी तो कूस बदलायला बघतोय हे तिला पाठीलाच कळायचं. रात्री दोनदा उठून त्याला वळवायचं, उशी पायांमध्ये द्यायची, पाठ लाल झालीय का बघायची. सलग झोप म्हणजे काय हे ती विसरूनच गेली होती, आणि विसरलीय हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

वायरमनला पाखरांचं वेड. ते लागलं टॉवरवरच. तारांवरची घरटी काढून टाका असा वरून हुकूम असायचा. बाकीचे लोक काठीने एक फटका मारून मोकळे व्हायचे. हा घरटं उचलून बाजूच्या झाडावर नेऊन ठेवणार, वर साहेबाची बोलणी खाणार. आता वरचं जग बंद झालं. खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून दिसायचा शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप. पहिल्या वर्षी त्याने त्या पाइपावरच्या पालींचा अभ्यास केला. कोणती पाल कुठे राहते, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं. नंतर एक दिवस पाइपाला रंग दिला आणि पाली गेल्या. तो दोन दिवस जेवला नाही.

तेव्हा कॅमेऱ्याची गोष्ट निघाली. काढली त्यानेच. गावाबाहेर सांडपाणी शुद्ध करायचे मोठे तलाव आहेत, तिथे पाखरं उतरतात. तू जायचंस, फोटो काढायचे, मी इथे टीव्हीवर बघणार. सकाळी माझी बहीण येऊन बसेल. असं सगळं आधीच जुळवून ठेवून त्याने विचारलं, "जाशील ना?"

ती शिवणीवर डोळे ठेवून म्हणाली, बघू. पण आतून तिला असं झालं, की कुणीतरी गच्च बसलेलं दार खांद्याने ढकलून उघडलं. धाग्याच्या दुकानापलीकडे ती कित्येक महिन्यांत गेली नव्हती.

कॅमेऱ्याच्या दुकानात वायरमन फोनवर हजर होता. तिने फोन काउंटरवर उभा केला, आणि दुकानदार तिच्याशी कमी आणि फोनशी जास्त बोलायला लागला. दुकानदाराचं मन लेन्स बदलायच्या कॅमेऱ्यावर. पाखरांसाठी तोच, म्हणाला, फोटो असे येतील की पीस न् पीस मोजा. मग त्याने पाखरांची लेन्स काढून तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, जशी शेजारणीची तान्ही मुलगी धरते तशी.

"हे घेऊन चालायचं?" तिने विचारलं.

"सवय होते, ताई."

"सवयी आहेत माझ्याकडे भरपूर."

फोनमधून हसू आलं. मग वायरमनने एकेक मुद्दा काढला. ती एकटी असणार, हातात पिशवी असणार, बांधावर धूळ असणार. लेन्स बदलत बसायला तिला तिसरा हात नाही. त्यापेक्षा तो मधला प्रकार दाखवा, एकच लेन्स, कायमची बसवलेली, जवळचं फूलही येतं आणि पलीकडच्या काठावरचा बगळाही. सुपरझूम. दुकानदाराने नाक थोडं मुरडलं. त्याचा सेन्सर लहान असतो, म्हणाला, अंधुक उजेडात फोटोत दाणे येतात, उडतं पाखरू पकडणं अवघड, आणि झूम पूर्ण ताणला की हात जरा हलला तरी पाखरू फ्रेमच्या बाहेर. वायरमन म्हणाला, ऊन चढल्यावर जाईल ती. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे का? स्क्रीन वळते का? ती मात्र एकच बघत होती, मूठ नीट बसते का. बसली. अंगठा बरोबर तिथे पडला जिथे पडायला हवा होता.

"हाच," ती म्हणाली. "कात्रीसारखा आहे."

पहिल्या आठवड्यात तिने आणलेल्या फोटोंत पाखरं कमी आणि आभाळ जास्त होतं. झूम ताणून पाखरू शोधायला जायची आणि पाणीच पाणी सापडायचं. वायरमनने कॉटवरून शिकवलं. आधी झूम मागे घे, पाखरू मध्ये आण, मगच ताण. कोपर बरगड्यांना चिकटव. श्वास अर्धा सोडून थांब, बटण अर्धं दाब, मग पूर्ण. हे तिला लगेच जमलं, कारण बारीक टाके घालताना ती तेच करत आलेली. शिवाय तिला स्वतःहून कळलं, की ऊन तापलं की लांबचं पाखरू थरथरतं, ते हातामुळे नव्हे, मधल्या गरम हवेमुळे. त्याला इलाज एकच, झूम कमी आणि पाय जास्त. ती बांधावरून चालत जवळ जायची. शेकाट्याचे लांबलचक गुलाबी पाय, खंड्याच्या चोचीतला मासा, पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा. तिथला पंपवाला तिला लांबूनच ओळखायला लागला. गेट उघडताना म्हणायचा, आज पाखरं रांगेत उभी केलीयेत बघा तुमच्यासाठी.

आणि मग संध्याकाळी टीव्ही. कार्ड लावायचं, रिमोट त्याच्या हातात. तो प्रत्येक फोटो मोठा करायचा, डोळ्यापर्यंत, डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यापर्यंत. तोंडावर असं तेज यायचं की नणंद म्हणायची, वहिनी, कॅमेरा नाही आणलास, डॉक्टर आणलास.

एका संध्याकाळी त्याचा रिमोट थांबला. फोटोच्या कोपऱ्यात वेळ उमटते. तो एक फोटो पुढे गेला, परत मागे आला.

"हा शेकाट्या. आणि हा पाणकावळा. मध्ये पाऊण तास आहे."

"असेल."

"मध्ये काय झालं?"

"काही नाही झालं."

"असं कसं? तलाव आहे. काहीतरी होतच असतं."

त्या पाऊण तासात ती पलीकडच्या बांधावर, तिथल्या एकुलत्या झाडाखाली बसली होती. चपला काढून. कुणाला पाणी द्यायचं नाही, कुणाला वळवायचं नाही, मागे पाठीला कान लावायचा नाही. एवढंच. हे तिला सांगता येईना, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नणंद मध्ये पडली. दादा, तिला जरा श्वास तरी घेऊ दे. तो गोंधळला. अगं, मी कुठे काय म्हणतोय? घेऊ दे ना श्वास. मला फक्त काय हुकलं ते बघायचंय.

तो संशय घेत असता तर बरं झालं असतं. संशयी नवऱ्याशी भांडता येतं, चार बायका आपल्या बाजूने उभ्या राहतात. हा नुसता भुकेला होता. तिने बाहेर घालवलेला प्रत्येक क्षण त्याला आपल्या ताटातला वाटत होता, आणि त्यात त्याचं चुकत होतं असंही तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

मग ती झाडाखाली बसल्या बसल्या अधूनमधून बटण दाबायला लागली. गवत. आणखी गवत. आपल्याच चपलेजवळची मुंगी.

"एवढं गवत कशाला?" त्याने विचारलं.

"गवत पण निसर्गच आहे की."

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि दिवसभर वाचत पडला. संध्याकाळी लहान पोरासारखा खुलून म्हणाला, सापडलं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, ठरावीक अंतराने फोटो आपोआप निघत राहतात. त्या बुड्या मारणाऱ्या टिबुकलीने तलावात तरंगतं घरटं केलंय, तुझ्याच फोटोत दिसलं, अंडी आहेत. कॅमेरा गवतात लपवून लाव आणि तू बाजूला हो, म्हणजे पक्षीण बिचकणार नाही. पिल्लं बाहेर येताना मिळाली पाहिजेत. तुला तिथे थांबायची गरजसुद्धा नाही.

तुला तिथे थांबायची गरज नाही. हे वाक्य ती भांडी घासताना मनात घोळवत राहिली. म्हणजे आता पाऊण तास भरायला कॅमेरा होता. एक क्षणही हुकणार नाही, कुणी काही विचारणार नाही, आणि ती मोकळी.

आणि तसंच झालं. अलीकडच्या बांधावर कॅमेरा, मध्ये घरटं, पलीकडे झाडाखाली ती. पहिल्या दिवशी नुसती बसली. दुसऱ्या दिवशी टेकली. तिसऱ्या दिवशी उजवा हात उशाला घेतला आणि दगड पाण्यात पडावा तशी झोपेत पडली. स्वप्न नाही, कूस नाही. उठली तेव्हा गालावर गवताची जाळी उमटली होती आणि क्षणभर आपण कोण हे तिला आठवेना. आठवलं तेव्हा वाईट वाटलं. पण त्यानंतर ती रोज झोपायला लागली. घरी मशीनवर पाय भरभर चालायला लागला, नणंद म्हणाली, रंग उजळलाय तुझा. ती म्हणाली, ऊन लागतं ना.

चूक झाली ती वाऱ्याच्या दिवशी. वारा सुटला की तरंगतं घरटं इकडेतिकडे सरकतं, तेव्हा ते फ्रेमबाहेर जाऊ नये म्हणून तिने झूम बराच मागे घेतला. तिच्या लेखी ती कॅमेऱ्यापासून कुठल्या कुठे होती. तलावाच्या पार पलीकडे. हातावर मापं घेणारी बाई, पण चौकट रुंद केली की पलीकडचा काठही आत येतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मोठा कॅमेरा असता तर मागचं सगळं धुकं झालं असतं. या लहान सेन्सरने पुढचंही दाखवलं आणि मागचंही.

त्या संध्याकाळी टीव्हीवर टिबुकलीची पिल्लं निघाली. अंगावर पट्टे, लालसर चोच, आईच्या पाठीवर चढायची धडपड. नणंद टाळ्या वाजवायला लागली. वायरमन मात्र पिल्लांवरून वर सरकला होता. फोटो मोठा करत करत तो काठावर गेला, झाडाखाली गेला, चपलांवर थांबला. त्या त्याने ओळखल्या. मग वर.

पुढचा फोटो. झोपलेली. त्याच्या पुढचा. झोपलेली. नणंदेला एकदम स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं.

"रोज?" त्याने विचारलं.

"काही दिवस झाले."

त्याने तो फोटो आणखी मोठा केला. ती मशीनजवळ उभी होती, हातात टेपचं टोक गुंडाळत, सोडत. तो ओरडला तर काय म्हणायचं हे तिने तयार ठेवलं होतं. रात्री कोण उठतं, विचारा स्वतःला. दिवसभर कोण, विचारा. वाक्यं ओठावर येऊन बसली होती.

"अशी झोपतेस तू," तो म्हणाला. आवाज अगदी हलका. "हात उशाला घेऊन. मी विसरलो होतो. इथे तर तू कधी झोपलेली दिसतच नाहीस. मला वळवतेस, दिवा घालवतेस, सकाळी डोळे उघडतो तर मशीन चालू."

तिची सगळी वाक्यं जागच्या जागी विरघळली. "उद्यापासून नाही झोपणार," ती म्हणाली.

"नाही, नाही. झोप ना. तिथेच झोप." त्याने डोळे पुसले आणि रिमोट सावरून बसला. "फक्त फ्रेम जरा डावीकडे घे. डोकं कापलं जातंय."

नणंद निघताना दारात तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, तुला नको असेल तर स्पष्ट सांग त्याला. दादा समजून घेईल.

"काय सांगू?" ती म्हणाली. "मला झोपलेलं बघू नका, असं?"

नणंद चपला शोधायला लागली, पायात असताना.

दुसऱ्या दिवशी पंपवाल्याने गेट उघडलं. तिने ट्रायपॉडचे पाय रोवले. घरटं रिकामं होतं, पिल्लांना पाठीवर घेऊन टिबुकली दूर लव्हाळ्यांच्या बाजूला गेली होती. तिने तिकडे कॅमेरा वळवला नाही. झूम मागे घेतला, झाड मध्ये आणलं, मग चौकट जरा डावीकडे. फोटो सुरू करून ती बांधाला वळसा घालून पलीकडे गेली. चपला काढल्या. काल जिथे डोकं होतं तिथली दबलेली जागा शोधली आणि उजवा हात उशाला घेतला.

झोप आली नाही. पाण्यावर कुठेतरी पिल्लं चिवचिवली, ती मान वळवून बघणार होती. मग तिला वाटलं, हललेलं दिसेल. तिने डोळे घट्ट मिटले, आणि ते घट्ट मिटलेले दिसू नयेत म्हणून जरा सैल केले.