बावचीचं तेल

माधवनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांइतका रंगावर विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गिरणीच्या रंगखात्यात सूत रंगवता रंगवता त्यांची नखं कायमची निळी झाली होती, आणि जगातली प्रत्येक वस्तू एक तर पक्क्या रंगाची किंवा कच्च्या, एवढीच त्यांची वर्गवारी होती. पाहुण्याच्या सदऱ्याचं टोक ते उन्हाकडे धरून बघत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी ओला अंगठा त्याच्या फेट्यावर घासला, अंगठा गुलाबी झाला, आणि भर मांडवात म्हणाले, "फसवलं रं तुला, गड्या." मुलीकडच्यांना वाटलं, हे नवरीबद्दलच बोलले. त्यांची समजूत घालायला मला पाऊण तास लागला.

साठ सालानंतरची गोष्ट. त्यांच्या थोरल्या मुलीच्या मनगटावर पांढरा डाग उठला. सांगलीच्या वैद्यांनी बावचीच्या बियांचं तेल दिलं : डागावर थेंबभर लावायचं, सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडं बसायचं, कातडी लाल दिसली की थांबायचं. काही महिन्यांनी डागात मोहरीएवढे सावळे ठिपके उमटले. शेजारी मला ओढून घेऊन गेले. "बघा, रंग धरतोय. लय चिवट सूत हाय आमचं." मुलगीसुद्धा हसली.

तेवढ्यात इस्लामपूरच्या स्थळाचा निरोप आला, चार दिवसांत मुलगी बघायला येतो. रंग चढेना तर माल वाढवायचा आणि आच वाढवायची, हे गिरणीतलं शहाणपण. त्यांनी तेल चोपडलं आणि लेकीला भर दुपारी अंगणात बसवलं.

"दादा, भाजतंय."

"भाजल्याबिगर रंग बसत न्हाई, तायडे."

तेल ओघळलं होतं तिथवर, कोपरापर्यंत, फोड आले. हाताला फडकं बांधलेली मुलगी पाहून इस्लामपूरकर चहा पिऊन गेले ते गेलेच. फोड बरे झाले तेव्हा ठिपके नाहीसे झाले होते आणि डाग कोपरापर्यंत पोचला होता.

शेजारी रंगाबद्दल बोलायचे थांबले. एका दुपारी ते अंगणात स्वतःच्या हाताला तेच तेल लावून बसलेले दिसले.

"अहो, तुम्हाला कुठं डाग आहे?" मी विचारलं.

"न्हाई. तिला किती भाजलं आसंल, ते बघतोय."

लेक छत्री घेऊन आली. "दादा, आत चला." ते उठेनात, तेव्हा ती त्यांच्यावर छत्री धरून तशीच उभी राहिली.

त्यांचेही फोड बरे झाले. मागे राहिला तो गडद सावळा, एकसारखा पट्टा. लेकीच्या हाताला हवा होता तोच रंग. तिचं लग्न पुढं जमलं नाही. ती उघड्या हातानं पलूसच्या शाळेत शिकवायला जाऊ लागली. शेजाऱ्यांचा पट्टा नंतर फिका पडला का, ते मला सांगता येणार नाही. त्या उन्हाळ्यापासून मरेपर्यंत ते सदऱ्याच्या बाहीचं बटण मनगटाशी लावूनच हिंडले.