शिंपिणीची लाट

आमची मावशी म्हणजे फळी घेऊन लाटांवर उभी राहणारी इथली पहिली बाई. नातेवाईक तिला ‘पाणकोंबडी’ म्हणायचे. ती स्पर्धा जिंकली तेव्हा तेच नातेवाईक ‘आमचीच पोरगी’ म्हणत फोटोत घुसले. फळ्या दुरुस्त करायच्या तिच्या खोलीत त्या स्पर्धेचा कप असायचा, पॉलिश पेपरचे तुकडे ठेवायला. मला तो तिचा साधेपणा वाटायचा. कसला साधेपणा!

परवा क्लबची माणसं आली. बायकांच्या स्पर्धेला मावशीचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि भाषण करणार होती तिची जुनी मैत्रीण, शिंपीण. दोघी एकाच फळीवर आळीपाळीने शिकल्या होत्या. पाण्यात उतरायचे कपडेही शिंपिणीनेच दोघींसाठी शिवले होते. माणसं गेल्यावर मावशीने मला जवळ बसवलं.

“ती लाट तिची होती गं,” ती म्हणाली.

लाटांवर नियम एकच. लाट जिथे फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जी असेल, लाट तिची. दुसरीने मधे घुसायचं नाही. मावशीने जिंकलेल्या त्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत शिंपीण आधी उभी राहिली होती. मावशीने मान वळवून तिला नीट पाहिलं आणि तरीही घुसली. शिंपीण पडली. पंचांच्या डोळ्यांवर ऊन होतं.

“मग सांगून टाक की तिला,” मी फटकन म्हणाले. सल्ला द्यायला माझं काय जात होतं!

दुसऱ्या दिवशी मी मावशीबरोबर शिंपिणीच्या दुकानात गेले. शिंपीण मशीनवर होती, ओठांत टाचण्या धरून. मावशीने उभ्याउभ्याच सांगितलं. लाजेने तिची मान वर होत नव्हती.

“मी तुला पाहिलं होतं. पाहून घुसले.”

मशीन थांबलं. शिंपिणीने टाचण्या काढून उशीत टोचल्या.

“माझा भाऊ तेव्हा हेच म्हणत होता, हिने मुद्दाम केलं. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. म्हटलं, मी दिसले असते तर ती थांबली असती.”

मावशी रडायला लागली. “भाषण तू नको करूस. मी करते. सगळ्यांसमोर सांगते.”

“सांग ना,” शिंपीण म्हणाली. “पण भाऊ आता ऐकायला कुठे आहे?”