तोफेवरचे बोंबील

माझे बाबा रेवदंड्यात ‘तोफवाले’ म्हणून ओळखले जातात. तोफ त्यांनी कधी उडवली नाही, पण गावाला ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण माझ्यापुढे आईच्या पोटात कधी कुठलं गुपित राहिलं नाही. आणि मला ठाऊक आहे हे बाबांनाही ठाऊक आहे.

बाबा प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होते. युद्ध लागलं तशी नौदलाने ती म्हातारी आगबोट मागून घेतली, तिला राखाडी रंग फासला आणि पुढच्या डेकवर तोफ बसवली. स्वयंपाकी तोच राहिला. बाबांना त्या तोफेत एकच गोष्ट दिसली, ऊन-वारा लागणारी छान जागा. नळीपासून कठड्यापर्यंत त्यांनी दोरी ताणली आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या वाळत घातल्या. युद्ध संपलं, बोट भंगारात गेली, तोफ एकदाही उडाली नाही. बोंबील मात्र झकास वाळले होते म्हणे.

यंदा शाळेने बाबांचा सत्कार ठरवला. बाबा आरशासमोर छाती काढून उभे राहू लागले. मी मुद्दाम रोज बोंबलाचं कालवण वाढत होते. मग कळलं, शाळेच्या बाईंनी हौसेने आगरदांड्याच्या चाचांनाही बोलावलंय. चाचा त्याच बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. त्या दिवसापासून बाबांचं जेवणच सुटलं.

“त्यो सगलं सांगल गो. माजी अब्रू जाईल.”

मला फार वाईट वाटलं. कालवण बंद केलं.

सत्काराला चाचा पहिल्या रांगेत, अत्तर लावून. बाबांनी माईक घेतला, चाचांकडे बघितलं आणि त्यांचा धीर सुटला.

“तोफ म्यां न्हाय उडवली. म्यां तिच्यावर बोंबील सुकवलं.”

चाचा ताडकन उठले.

“खोटं! बढाई नको म्हणून असं बोलतोय. तोफ यानेच उडवली, मी या डोळ्यांनी बघितलंय!”

टाळ्यांनी मंडप दणाणला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी चहा घेताना त्यांनी चाचांचा हात धरला. “भाई, माज्यासाटी खोटं बोललास?”

“तुझ्यासाठी?” चाचा भडकलेच. “आगरदांड्यात पन्नास वर्षं सांगतोय मी, तोफ तू उडवलीस आणि गोळा मी भरला. आज माझी इज्जत बोंबलांबरोबर वाळत घालत होतास!”