बिनकडीची खोली

राणीला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला आणि नवव्या वर्षी ती बरी झाली. आता ती वीस वर्षांची आहे, पण हट्टा गावातल्या तिच्या घराला हे कोण पटवून देणार? आजारपणात एकदा ती न्हाणीत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिच्या आईनं, पद्माबाईनं, घरातल्या दारांच्या आतल्या कड्याच काढून टाकल्या. त्या पुन्हा बसल्याच नाहीत.

तपासणीची तारीख जवळ आली की राणीची छाती धडधडायला लागते. म्हणून दवाखान्यातल्या मॅडमनी तिच्या मोबाइलात मन शांत करायचं ॲप टाकून दिलं. रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, बस्स. पण डोळे मिटले रे मिटले, की पद्माबाईचा हात कपाळावर.

"काहून गप बसलीस? तकलीफ होऊन राहिली का?"

"न्हाई गं माय, श्वास मोजून राहिले."

हे ऐकून माय जास्तच घाबरली.

आज माय शेजारी गेलेली बघून राणीनं कानात इअरफोन घातले. ॲपमधली बाई म्हणाली, "मनातल्या एका सुरक्षित खोलीत जा. दार आतून लावून घ्या."

राणी मनातल्या मनात खोलीत शिरली, दार लोटलं आणि कडी लावायला हात वर नेला. तिथं स्क्रूची चार भोकं होती.